तिसऱ्या जागेचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. तामचिनीची, पांढरी, काठाला निळी रेघ असलेली. ती रेघ आता अर्धीमुर्धीच उरली आहे आणि तळाला तीन ठिकाणी लेप उडून काळे लोखंड दिसते. उगाच मोठेपणा सांगत नाही, पण एक गुण माझ्यात आहे. माझ्यात जे पडते ते लपत नाही. पांढऱ्या तळावर मुंगीसुद्धा ठळक दिसते. याच गुणामुळे माझे कौतुक झाले आणि याच गुणामुळे माझ्या जिवाला रुखरुख लागली.

कारखान्यातल्या भट्टीचे मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते कोस्टा रिकाच्या डोंगरात, पिएद्रालिसा नावाच्या कॉफीच्या गावात. एका बाईने मला शनिवारच्या बाजारात घेतले आणि वाटेत सर आली म्हणून डोक्यावर पालथी धरून घरी आणले. तिला दोन मुली, थोरली ओदिली आणि धाकटी नीदिया. दोघींची पहिली आंघोळ माझ्यात झाली. रोज सकाळी तोर्तिया म्हणजे पातळ भाकऱ्यांसाठी मक्याचे पीठ माझ्यात मळले जाई. डिसेंबरात केळीच्या पानात बांधून उकडायच्या तामालांचा घाट असे, तेव्हा तर मला श्वास घ्यायला फुरसत नसे. माझ्याभोवती सात-आठ बायका बसत आणि सगळ्या एकदमच बोलत. ऐकत कोणीच नसे, पण तामाल मात्र उत्तम होत.

ओदिलीचे एलादियोशी लग्न झाले आणि मी तिच्याबरोबर तिच्या घरी आले. पुढे बाजारात प्लॅस्टिकची परात आली, रंगीत, हलकी, आपटली तरी न पोचणारी. एके दिवशी ओदिलीने मला परसात नेऊन ठेवले, कोंबड्यांच्या पाण्यासाठी. राग आला हो! ज्यात लेकरे न्हाली त्यात कोंबड्यांनी पाय बुडवायचे, म्हणजे काय? पण सांगणार कोणाला? आठ वर्षे मी तिथे उन्हापावसात पडून होते.

मग एका जानेवारीत मारेन आली. अमेरिकेतल्या मिनेसोटाची, वीस वर्षांची आणि इतकी उंच की पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिचे कपाळ आपटले. तिच्या कॉलेजने इकॉलॉजी शिकायला दहा-बारा मुले आमच्या गावात पाठवली होती, एका घरात एक. चार महिने त्या घरचे खायचे, त्यांच्यासारखे स्पॅनिश बोलायचे आणि गावच्या झाडापाण्याचा अभ्यास करायचा. परत जाण्यापूर्वी गावच्या सभागृहात उभे राहून आपल्याला काय सापडले ते सगळ्यांना सांगायचे. मूल ज्या घरात राहिले त्या घरच्या आईने त्या दिवशी पहिल्या रांगेत बसायचे, अशी पद्धत होती. ओदिलीला मूलबाळ नव्हते. तिने जानेवारीतच त्या दिवसासाठी निळा झगा शिवायला टाकला.

मारेन गुणाची पोरगी, पण जीभ सरळ. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने सूप पाठवले आणि कसे झाले म्हणून विचारले, तर ही म्हणाली, खारट झाले आहे. शेजारीण गेल्यावर ओदिलीने तिला स्वयंपाकघरात धरले. कोंबड्या दारातच घोटाळत होत्या आणि मीही दाराशीच होते, म्हणून सगळे ऐकले.

"अगं पोरी, असं तोंडावर सांगतात होय? बिचारीचं तोंड एवढंसं झालं."

"पण आई, तिनंच विचारलं ना!"

"विचारलं म्हणून काय झालं? छान झालंय म्हणायचं आणि वरून दोन पेले पाणी प्यायचं. आपल्याला रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात, बाई."

मारेन हुशार. महिन्याभरात शिकली. जायचे नसेल तिथेही "येते हं नक्की" म्हणू लागली. आवडले नाही तरी "अगदी छान" म्हणू लागली. ओदिली गावभर सांगत फिरायची, "माझी पोरगी आता आमच्यातलीच झाली!" आणि मारेनचा चेहरा खुलायचा. मलाही तेव्हा त्यात वावगे काही वाटले नाही.

फेब्रुवारीत मारेनने ओढ्याचा अभ्यास हाती घेतला. ओढ्यात दगडांखाली किडे राहतात आणि कोणते किडे आहेत त्यावरून पाणी कसे आहे ते कळते. दगड पायाने ढवळायचे, खाली जाळी धरायची आणि जाळीत आले ते पांढऱ्या भांड्यात ओतून मोजायचे. तिचा कॉलेजचा ट्रे बसमध्येच फुटला होता. ती परसात आली, मला पाहिले आणि कोंबड्यांचे पाणी ओतून दिले.

"आई, ही घेऊ का? अगदी हवी तशी पांढरी आहे."

"ती? कोंबड्यांची?" ओदिली हसायलाच लागली. "घे बाई. पण किडे मोजून झाले की माझ्या ओट्यावर आणू नकोस. नाहीतर एलादियो उद्या तोर्तिया सोलून बघतील आत पाय आहेत का!"

मारेनने मला राखेने घासले. आठ वर्षांत मला कोणाचा हात लागला नव्हता. मित्रांनो, मला किती बरे वाटले ते काय सांगू!

ओढ्यावर तिने तीन जागा ठरवल्या. पहिली वरच्या अंगाला, फुलांच्या मोठ्या काचघराच्या खाली. दुसरी एलादियोच्या कॉफीच्या मळ्याशेजारी. तिसरी मळ्याच्याही खाली, एलादियोच्या कॉफी धुण्याच्या टाकीनंतर. त्याच्याही खाली, ओढा वळतो तिथे, नीदियाची तळी होती. नवरा वारल्यापासून नीदिया तिथे ट्राउट मासे पाळत असे. रविवारी लोक यायचे, गळ टाकून मासे धरायचे आणि तिच्याकडूनच तळून घेऊन खायचे. त्याच्यावरच तिचे घर चालायचे. पण दोन वर्षे झाली, कॉफीच्या हंगामात तिचे मासे मरत होते. कशाने मरतात ते नक्की कोणी बोलत नसे. गाव काचघराकडे बोट दाखवी. काचघराचा मालक परगावचा, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवायला कोणालाच जड जात नव्हते.

पहिल्या जागेचे पाणी माझ्यात ओतले तेव्हा तीन-तीन शेपट्यांचे चपळ किडे इकडून तिकडे पळू लागले. काही अळ्या तर बारीक खड्यांचे घर पाठीवर घेऊन चालत होत्या. मारेन आनंदाने ओरडली. हे किडे स्वच्छ पाण्यातच राहतात. म्हणजे काचघराचा दोष नव्हता. दुसऱ्या जागीही तेच किडे निघाले.

तिसऱ्या जागेचे पाणी तिने घरी आणले, कारण ऊन फार झाले होते. ओसरीवर बसून तिने ते माझ्यात ओतले. एकही शेपटीवाला किडा नव्हता. नुसत्या लाल अळ्या होत्या, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या, शेकड्यांनी वळवळत. अशा अळ्या पाण्यातली हवा संपत आली की उरतात. आणि वास? तो तर ओसरीभर पसरला, गोडूस आणि आंबूस. आमच्या घरात तो वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. कॉफीची फळे सोलून बिया टाकीत आंबवायच्या, मग त्या धुवायच्या, आणि धुतलेले दाट पाणी दर शनिवारी पाइपातून ओढ्यात सोडून द्यायचे. टाकी बांधल्यापासून दोन वर्षे एलादियो तेच करत होता. त्यासाठी वेगळा खड्डा खणायला हवा, हे त्यालाही माहीत होते. दरवर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी खणू.

ओदिली गुळाचे गरम पाणी घेऊन बाहेर आली. माझ्यात वाकून पाहिले.

"अगंबाई! हे कुठलं?"

मारेन हळूच म्हणाली, "तिसऱ्या जागेचं."

ओदिली किती वेळ वाकून उभी होती! तिचा चेहरा माझ्या पाण्यात दिसत होता. तिला कळले, मित्रांनो. मी शपथेवर सांगते, तिला त्याच क्षणी सगळे कळले. मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "पाऊस नाही ना महिनाभर, म्हणून असेल. पी गरम आहे तोवर."

"हो, पाऊस नाही म्हणून असेल," मारेन म्हणाली आणि तिने मला ओतून दिले.

दुपारी जेवताना एलादियोने थट्टा केली, "काय डॉक्टरीणबाई, आमचा ओढा पास का नापास?"

"छान आहे, बाबा," मारेन म्हणाली. "अगदी छान."

त्यानंतर तिने तिसऱ्या जागी जाणेच सोडले. वहीतले ते पान तिने फाडले नाही, पण दुमडून ठेवले. मला फार अस्वस्थ वाटत होते. पण मी परात. दाखवायचे ते मी दाखवले होते, यापुढे मी काय करणार?

मार्चच्या मध्यावर सभा झाली. मारेनने मलाही नेले आणि वरच्या दोन जागांचे किडे जिवंत आणून लोकांना दाखवले. पोरे माझ्यावर तुटून पडली. म्हातारे म्हणाले, आमच्या ओढ्यात असले काही असते हे आम्हाला सत्तर वर्षांत कळले नाही. मी अगदी फुगून गेले होते, खोटे कशाला बोलू? पहिल्या रांगेत ओदिली निळा झगा घालून बसली होती. मारेनने सुरुवातीलाच तिचे आभार मानले आणि ओदिलीने डोळे पुसले.

शेवटी नीदिया उठली. ती सहसा सभेत बोलत नसे.

"मारेन, पोरी, मला एवढंच सांग. माझ्या तळ्यात येतं ते पाणी चांगलं आहे का? मी नवी पिल्लं आणू का?"

मारेनने ओदिलीकडे पाहिले. ओदिलीने खाली मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिले. सांग, पोरी, सांग, असे मी मनात ओरडत होते.

"हो," मारेन म्हणाली. "आणा की. काही हरकत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीदियाही वाजवत होती. एवढेच नव्हे, ती उठून पहिल्या रांगेपाशी आली आणि तिने थोरल्या बहिणीच्या गालाचा मुका घेतला. ओदिली गोंधळली. का घेतला, ते तिला कळले नाही, आणि मलाही नाही.

नीदियाने दोनच दिवसांत दोन हजार पिल्ले आणली, बोटाएवढी. लगेचच्या शनिवारी हंगामाची शेवटची कॉफी धुऊन झाली आणि एलादियोने टाकी रिकामी केली. रविवारी प्रार्थनेला नीदिया आली नाही, म्हणून मारेन चौकशीला तळ्यावर गेली. ती परतली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हते.

"सगळी मेली. आई, एकूण एक."

एलादियो खुर्चीतून उठला. "तरी मी म्हणत होतो, त्या काचघरवाल्यांनी काहीतरी सोडलं असणार. त्यांना कोणी विचारत नाही म्हणून..."

"अहो, पुरे," ओदिली म्हणाली.

"पुरे काय? मी काय खोटं..."

"पुरे म्हणते ना! मी बघितलंय. फेब्रुवारीत या पोरीनं परातीत दाखवलं, मी या डोळ्यांनी बघितलं, आणि पाऊस नाही म्हणून असेल, असं म्हणाले. आपलं पाणी आहे ते, एलादियो. तुम्हालाही माहीत आहे."

एलादियो टोपी घेऊन मळ्याकडे निघून गेला.

मारेन रडत म्हणाली, "खोटं मी बोलले, आई. मीच जाऊन सांगते."

"तू एकटी नाही जायचं. खोटं बोलायला तुला मीच शिकवलं." ओदिलीने पायात रबरी बूट चढवले आणि मला काखेत घेतले. "चल, जाळी घे."

दोघी टाकीच्या खाली ओढ्यात उतरल्या. मारेनने दगड ढवळले, जाळी धरली आणि माझ्यात ओतली. तेच लाल दोरे, तोच आंबूस वास. ओदिलीने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि आम्ही खाली निघालो. चालताना पाणी हिंदकळून तिच्या प्रार्थनेच्या कपड्यांवर सांडत होते. तिने एकदाही पुसले नाही.

नीदिया तळ्याच्या काठी गुडघ्यांवर बसून हातांनी मेलेली पिल्ले काढत होती. सगळे तळे रुपेरी पोटांनी भरले होते. ओदिलीने मला तिच्यासमोर जमिनीवर ठेवले.

"हे काय?"

"आमच्या टाकीखालचं पाणी. बघ."

नीदियाने पाहिले.

"मला माहीत होतं, मावशी," मारेन म्हणाली. "सभेच्या दिवशीही माहीत होतं. मी तुम्हाला हो म्हणायला नको होतं. मला माफ करा."

नीदिया तिच्याकडे न पाहता म्हणाली, "टाकीचं मला कधीपासूनच ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. मला काय नाक नाही? दर शनिवारी वास येतो."

ओदिलीने विचारले, "मग बोलली का नाहीस गं?"

"तुला कसं बोलू, ताई? तू बोलशील म्हणून थांबले होते."

"मग पिल्लं का आणलीत?" मारेनने विचारले.

आता मात्र नीदियाने वर पाहिले. "अगं, तू हिच्याकडं बघितलंस आणि मग हो म्हणालीस. मला वाटलं, यांनी पाइप बंद केला. लाजेपोटी सांगत नसतील. म्हटलं, चला, वाईटपणा न घेता मिटलं एकदाचं. ताईचा मुका का घेतला मी, सगळ्यांसमोर? आभार मानले गं तिचे."

ओदिली तिच्याशेजारी खाली बसली. तिने बहिणीचा हात धरायला हात पुढे केला, पण नीदियाच्या हातात मेलेली पिल्ले होती.

नीदियाने ती गवतात टाकली आणि मला उचलले. माझ्यातले पाणी तिने तळ्यापासून लांब गवतावर ओतले, मला ओढ्यात विसळले नाही, तसेच दोघींच्या मधे आणून ठेवले आणि म्हणाली, "बसून काय राहिलात? हात चालवा. ऊन चढलं की घाण सुटेल."

तिघींनी मिळून पिल्ले काढली. मी अकरा वेळा भरले. तामालांच्या दिवसांत माझ्याभोवती सात-आठ जणी बसत आणि एकदम बोलत, ते मी सांगितलेच. त्या दिवशी तिघी होत्या आणि कोणीच बोलत नव्हते.

जाण्याच्या आदल्या दिवशी मारेनने सभागृहात पुन्हा उभे राहून दुमडलेले पान उघडले आणि तिन्ही जागांचे वाचून दाखवले. ते पान दडवल्याबद्दल तिच्या कॉलेजच्या बाईंनी तिला आधीच कडक शब्दांत सुनावले होते. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. एलादियो मागे भिंतीला टेकून उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने खड्डा खणायला घेतला, पण अर्ध्यावर मोठा खडक लागला आणि काम थांबले. आता मे संपत आला आहे आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साचले आहे. नीदिया बहिणीशी बोलते, पण कामापुरते. तिची तळी रिकामी आहेत. मी तिच्याकडेच राहिले. मला न्यायला कोणी आले नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. माझ्यासारख्या भांड्यांना राखेने घासा, कोंबड्यांपुढे टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून महत्त्वाचे सांगते. तुम्ही शिकून मोठे व्हाल. कोणाच्या तरी घरी राहाल, त्यांचे प्रेमाने वाढलेले खाल. आणि एखाद्या दिवशी तुमच्यासमोर असे काही येईल की ते बोलले तर त्या घराला वाईट वाटेल. मला ओदिलीचा राग येत नाही आणि मारेनचाही नाही. दोघींनी मायेपोटीच तोंड मिटले. तुम्हालाही तेव्हा गप्प बसावेसे वाटेल. तेव्हा एवढेच करा. ओढ्याच्या काठाने जरा खाली चालत जा आणि खाली कोणाचे घर आहे ते बघून या.